आईचं चित्र अजून ओलं आहे

माझ्या दादाच्या घरी बसायचं असेल तर आधी विचारावं लागतं. खुर्चीवर चित्र असतं, स्टुलावर चित्र असतं, एकदा तर कपडे धुण्याच्या मशीनवर समुद्र वाळत ठेवलेला होता. आपण जरा टेकायला गेलो की आतून आवाज येतो, "थांब, ते अजून ओलं आहे." त्यामुळे घरात त्याचं नावच 'ओलंआहे' पडलंय. माझी मुलं फोनवर सरळ विचारतात, ओलंआहे मामा आहेत का?

दादा पोटापाण्यासाठी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे साचे येतात, त्यांवर हा मेण चढवतो, दात बसवतो, मेण काढून तिथे हिरड्यांचा गुलाबी मसाला भरतो, घासतो, चकाकी आणतो. कुणाचा दात किती पिवळट, किती राखाडी हे तो एका नजरेत सांगतो. कामात इतका वक्तशीर की डॉक्टर त्याच्या भरवशावर पेशंटला दिवस देऊन टाकतात. हाच माणूस घरी येऊन ब्रश हातात घेतो तेव्हा त्याला काय होतं, देव जाणे.

तो तैलरंगात रंगवतो. तैलरंग कितीतरी दिवस ओला राहतो. म्हणजे आज काढलेलं नाक परवा सरकवता येतं, आणि सरकवता येतं म्हणून दादा ते सरकवतोच. त्याने आजवर एकाही चित्रावर सही केलेली नव्हती. सही केली म्हणजे चित्र संपलं, आणि त्याचं काही संपतच नाही. मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. गिऱ्हाइकाला मंगळवार सांगितला की मंगळवारी पँट तयार. दादाची ही तऱ्हा बघून माझं डोकं फिरतं, आणि मी ते त्याला तोंडावर सांगते. धाकटी असले म्हणून काय झालं.

गेल्या वर्षी आईने फर्मान काढलं. आई दादाकडेच राहते. बाहेरच्या खोलीत आजोबा, आजी आणि बाबा असे तीन फोटो ओळीने लावलेत, शेजारी चौथा खिळा रिकामा आहे. "तो माझा," आई म्हणाली. "मी गेल्यावर टांगाल ते मला काय दिसणार? मला दिसतंय तोवर टांगा. आणि फोटो नको. एवढा चित्रकार पोसलाय, त्यानेच काढावं."

हसत म्हणाली, पण 'दिसतंय तोवर' हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. तिच्या उजव्या डोळ्याने केव्हाच दगा दिला होता. डाव्याबद्दल डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, वर्षभर नीट जाईल, पुढचा भरवसा नाही.

दादाने लगेच कॅनव्हास ताणला. दर रविवारी सकाळी आई जांभळा स्वेटर घालून खिडकीशी बसायची आणि हा समोर उभा राहायचा. मीही दुकान बंद असल्याने चहाला जायची. पण नमनालाच घडाभर तेल. पहिले कितीतरी रविवार नुसती मागची भिंत रंगली. मग स्वेटर आला. मग एकदाचा चेहरा आला, आणि तिथे जे घोडं अडलं ते अडलंच.

कारण आई गप्प बसत नसे. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तारा जोडून द्यायची. आम्हाला एवढंच माहीत होतं. आता एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. कुठल्याशा व्यापाऱ्याचा फोन तिने चुकून त्याच्या भांडलेल्या भावाला जोडला आणि दोघं आधी शिव्या देत, मग रडत तासभर बोलले. तिची एक मैत्रीण फोनवर रोज वेळ विचारणाऱ्या माणसाच्या प्रेमात पडली, आणि तो समोर आला तेव्हा तिच्या खांद्याला लागत होता. "मग? केलं का लग्न?" दादा विचारायचा. "केलं ना. पण तिने उंच टाचा सोडल्या." आई सांगत राही, तिचं तोंड हलत राही, आणि दादा मागच्या रविवारचा ओठ सुरीने खरवडून नवा ओठ घेत राही. पुढच्या रविवारी तोही खरवडायचा.

"अरे, वर्ष संपत आलं," मी म्हणायची.

"ओलं आहे अजून. होईल."

पालथ्या घड्यावर पाणी. वहिनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची.

वहिनी बालवाडीत शिकवते आणि तिथल्या भिंती तीच रंगवते. तिचे रंग ॲक्रिलिकचे, पाण्यात कालवायचे, बघता बघता वाळणारे. मुलं यायच्या आत तिचा हत्ती तयार असतो आणि मुलं आली की त्याच्या सोंडेला हात लावून बघतात. "तुम्ही पण हेच वापरा ना," ती दादाला कितीदा म्हणाली असेल. दादा नाक मुरडायचा. "कवळीच्या हिरड्या कशाच्या असतात? ॲक्रिलिकच्याच. दिवसभर तेच कालवतो मी. घरी तरी मला तेलात राहू दे."

शेवटी एका शनिवारी, दादा कामावर असताना, वहिनीने पदरचं शहाणपण चालवलं. दादाने ओठ पुन्हा खरवडून ठेवला होता. हिने आपल्या डब्या काढल्या आणि त्या ओल्या तेलावरच ॲक्रिलिकने ओठ भरून टाकला. दोनतीनदा रंग निसटला, तिने दाट थर दिला, मग बसला. मला बोलावून दाखवलं. ओठ छान होता, खरंच आईचा होता. मी म्हटलं, वहिनी, तू जिंकलीस.

रविवारी दादा ब्रश घेऊन उभा राहिला. ओठाला ब्रश टेकला मात्र, ओठ सुरकुतला, एका बाजूने उचलला गेला आणि अख्खाच्या अख्खा सोलून ब्रशला लटकला. खाली हनुवटीचाही एक तुकडा घेऊन आला. तेलही गेलं, तूपही गेलं. वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

दादाने तो ओठ बोटावर घेतला, उजेडात धरला, आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला उभं राहवेना. मागे न बघता तो स्टुलावर बसला. स्टुलावर केळ्यांचं चित्र होतं, अर्थातच ओलं. मग आम्ही चौघंही हसलो. आईने तर कवळी काढून हातात धरली, पडेल म्हणून.

"तेलावर हे धरत नाही गं," डोळे पुसत तो वहिनीला म्हणाला. "खाली ॲक्रिलिक आणि वर तेल चालतं. उलटं नाही."

"मग खालून वरून सगळंच ॲक्रिलिक करा," वहिनीला आता धीर आला होता. "कामावर पावडर आणि पातळ एकदा मिसळलं की भराभर घट्ट होतं ना? तिथे म्हणता का, थांबा, उद्या बघू? तिथे हात चालतो आणि घरी का नाही चालत?"

 दादा केळी लागलेल्या पँटने उभा राहिला आणि आईकडे बघत राहिला. आई डावा डोळा बारीक करून त्या ओठ नसलेल्या चित्राकडे बघत होती. ती डोळा किती बारीक करत होती, ते आम्हा सगळ्यांनाच दिसलं.

पुढच्या रविवारी दादाने नवा कॅनव्हास घेतला आणि वहिनीच्या डब्या. रंग वाळू नयेत म्हणून थाळीत ओलं फडकं अंथरलं, त्यावर कागद, कागदावर रंग. हा रंग वाळल्यावर जरा गडद होतो, म्हणून आधी थेंबभर आपल्या मनगटावर लावून वाळवून बघितला आणि आईच्या गालासाठी एक छटा फिकी घेतली. मग सुरू झाला. मी त्याला असं काम करताना कधी बघितलं नव्हतं. कामावर असाच दिसत असणार. वहिनी पाणी बदलत होती, तो हात पुढे करी आणि ती ब्रश देई.

"तोंड मिटून बसू का?" आईने विचारलं. तिला शोभत नव्हतं ते.

"बोल तू."

"मग दात दिसू देत. दात तुझेच आहेत."

आई बोलत होती आणि तो रंगवत होता, खरवडत नव्हता. डावा कान थोडा मोठा झाला. दादाचा हात सवयीने तिकडे गेला, पण कान वाळून घट्ट झाला होता. "रंगवून लहान करू का?" तो म्हणाला. आईने जवळ जाऊन बघितलं. "असू दे. तुझ्या बाबांना माझे कान आवडायचे," ती म्हणाली आणि आम्ही सगळे तिच्या कानांकडे नव्याने बघायला लागलो.

जेवणाच्या आत चित्र झालं. दादाने कोपऱ्यात सही केली. ती करताना त्याला जरा वेळ लागला, कारण सही कशी करायची हे त्याने कधी ठरवलंच नव्हतं. मी हातोडी आणायला गेले, पण खिळा होताच, त्यावर लगेच टांगलं. आई समोर उभी राहिली. आधी लांबून, मग नाक टेकेल इतक्या जवळून. गाल बघितला, कान बघितला, दात बघितले. "मीच आहे," ती म्हणाली. "बरी दिसते की मी." तिने बोट लावून बघितलं. कोरडं होतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

दादा मात्र ब्रश धूत होता. धुतलेलाच ब्रश पुन्हा धूत होता. मग त्याने ईझल मिटलं, आईची खुर्ची खिडकीपासून उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून तसाच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं चित्र पुरं झालं होतं आणि चेहरा असा, जसं काही हरवलंय.

"खुर्ची ठेव तिथेच," आई म्हणाली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? वर्षभर ओठ खरवडत होतास ते काय ओठ येत नव्हता म्हणून? कवळी बनवणाऱ्याला ओठ येत नाही होय?"

 दादाचे कान लाल झाले. ते आईसारखेच मोठे आहेत.

"पुढच्या रविवारी मोठा कॅनव्हास घे," आई म्हणाली. "आणि तेलात कर. सावकाश. एक्स्चेंजमधलं अजून निम्मंही सांगून झालेलं नाही."

"अगं, पण तुझा डोळा..." दादा अडखळला. "तेलाचं किती लांबेल सांगता येत नाही. तुला ते बघायला..."

"बघायचं ते बघितलं मी आज," आई खुर्चीत बसत म्हणाली. "नुसतं बसून बोलायला डोळे कशाला लागतात?"