उघडत नसलेलं रिव्हॉल्व्हर

दसरा झाला आणि लगेच निवडणूक लागली. खालापूरच्या पोलीस ठाण्यातून निरोप आला, परवान्याची हत्यारं जमा करा. आमच्याकडे एकच होतं. माझे वडील, आप्पा, खडीच्या क्रशरवर मजुरांचा पगार आणायचे, तेव्हा घेतलेलं बत्तीस बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर. क्रशर बंद पडून जमाना झाला, पण परवान्याचं नूतनीकरण आप्पांनी कधी चुकवलं नाही.

जमा करण्याआधी ते रिकामं करून बघू म्हटलं, तर उघडेचना. याच्या पाठीवरचा खटका दाबला की नळी पुढे वाकते आणि गोळ्यांची चक्री मोकळी होते. खटका दाबून दाबून आप्पांचा अंगठा लाल झाला. चक्रीही जागची हलत नव्हती.

"आत गोळी आहे का?" मी विचारलं.

"नाय गं. पूजेच्या आदल्या दिवशी मीच काढल्यात ना."

बाजूने वाकून पाहिलं. बाकीची भोकं मोकळी दिसत होती, पण नळीच्या रेषेतलं दिसत नव्हतं. गोळीवर आपटणारा घोडा नेमका त्याच्याच मागे टेकलेला. तिथून माझं डोकं फिरलं.

डब्यातल्या गोळ्या बघून कळलं असतं, पण आधी किती होत्या हे आप्पांना सांगता येईना. "रिकामी म्हंजे रिकामी," एवढंच. आणि मला खरं तर तेच टोचत होतं. हल्ली आप्पा शेतावरचा पंप चालू ठेवून मोटरसायकलने घरी यायचे, जेवून उठले की ताट मागायचे. त्यांनी काढल्या म्हटलं म्हणून विश्वास ठेवायचा का, हे त्यांना तोंडावर कसं विचारू?

म्हणून मी भांडत राहिले. आप्पा ओटीवर बसून फटींत तेल सोडायचे, मग खटक्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, ठोकू नका!"

"रिकाम्याला ठोकलं तर काय व्हतंय?"

भाजी करपली, दूध उतू गेलं, आईवर उगाच खेकसले. रात्री कूस बदलत पडायचं आणि सकाळी पुन्हा त्याच ओटीवर तेच युद्ध. शेवटी आप्पा ते फडक्यात गुंडाळून ठाण्यात घेऊन गेले, पाठोपाठ मी. हवालदारांनी हात लावला नाही. "बाबा, अशी कशी जमा करू? दुकानातून मोकळी करून आणा."

मुंबईच्या बंदुकीच्या दुकानात कारागिराने नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे केलं आणि हसून विचारलं, "पूजा जोरात झालेली दिसते?"

झालीच होती. आई दरवर्षी त्याला हळदकुंकू वाहते, अक्षता टाकते, फुलाने पाणी शिंपडते. देवाचं म्हणून आप्पा ते कधी पुसत नाहीत. वरून त्यांनी तेल ओतलेलं, त्याचा आत गिलावा झाला होता. कारागीर तांबडा-पिवळा गाळ कोरून काढत होता. चक्रीच्या कडेला तांदळाचा दाणाही निघाला.

आप्पांचा चेहरा खुलला. "बघ! नुसतं कुंकू. उगाच बोंबलत व्हतीस."

मीही हसले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

खटका सुटला, नळी वाकली. कारागिराने हसणं थांबवलं आणि नळीसमोरच्या भोकातून गोळी काढून काउंटरच्या काचेवर ठेवली.

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. "मी काढली व्हती गं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "काढली व्हती ना?"

इतके दिवस मला हेच सिद्ध करायचं होतं. आता वाटलं, मी खोटी ठरले असते तर किती बरं झालं असतं.

"बाकीच्या काढल्या होत्यात," मी म्हटलं.

खालापूरला परतलो. ठाण्यात हत्यार जमा झालं. हवालदार म्हणाले, "निकाल लागला की घेऊन जा, बाबा."

"नको. लायसन बंद करायचं काय ते मुलगी करंल."

बाहेर पायरीवर आप्पांनी खिशात हात घातला आणि त्यांच्या मोटरसायकलची चावी माझ्या हातावर ठेवली.

"ही पण तुझ्याकंच ठेव."

"आप्पा, गाडीचा काय संबंध?"

"ठेव गं," ते म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. मला तिथेच, ठाण्याच्या पायरीवर, रडू फुटलं.