रिकाम्या क्लिपमधले साडेतीन व्होल्ट

इथले अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. वाचताना मनात कायम एकच यायचं – आधी वायरिंग बघा, मग भूत बघू. आमच्या घरात अंगात येणं, करणी, लिंबू-मिरची यांना जागाच नव्हती. आई शाळेत गेली नाही, पण बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होत्या आणि आम्हा भावंडांकडून ती त्या म्हणून घ्यायची. त्यात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, आता लातूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये तेच शिकवते. म्हणजे असलं काही मानायला मला दोन्हीकडून बंदी. तरी लिहितेय, कारण जे झालं ते मी स्वतः मीटरवर बघितलंय... आणि त्याची मला भीती वाटली नाही. आभार मानावेसे वाटले, पण ते मानायला समोर कुणी नव्हतं.

आमचं गाव कंधार तालुक्यात. बारावीनंतर माझा नंबर नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजला लागला. हॉस्टेलच्या यादीत नाव आलं नाही तेव्हा आई म्हणाली, जाऊ दे, डी.एड. कर. त्याच संध्याकाळी आईचे धाकटे भाऊ, माझे मामा, गावी आले आणि माझी पेटी उचलून नांदेडला घेऊन गेले. तरोडा नाक्याकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि रस्त्याकडच्या तिसऱ्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान. आताच्या मुलांना सांगायला हवं – कपाटाएवढं लाकडी मशीन, आत टीव्ही, समोर दांडा आणि सहा बटणं, टोकन टाकायचं आणि खेळायचं. अशी तीन मशीनं होती.

मामा नववीपर्यंत शिकलेले. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती करता करता या मशीनांकडं वळले. मशीन बिघडलं की मला हाक मारायचे. पहिल्यांदा बोर्ड उघडून दाखवला तेव्हा एका लांबलचक काळ्या चिपवर बोट ठेवून म्हणाले, "ही गोम बघ. मोज पाय." मी मोजले, चौसष्ट भरले. दोन वर्षांनी मायक्रोप्रोसेसरच्या तोंडी परीक्षेत नेमकी तीच चिप आली. ती तापते कुठं, पहिल्या पायाची खूण कशी ओळखायची, हे मी सांगत सुटले. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, कुठं बघितलीस? मी म्हटलं, घरी.

आता त्या बोर्डाविषयी थोडं. कंटाळू नका, पुढचं सगळं त्यावरच आहे.

हा नव्वदच्या दशकातला जपानी बोर्ड, दोन मजली. खालच्या मजल्यावर प्रोसेसर आणि आवाजाचा भाग, वरच्या मजल्यावर गेम. त्याआधीच्या बोर्डांच्या गल्लोगल्ली नकला निघाल्या होत्या, म्हणून बनवणाऱ्यांनी या वेळी गेम कुलूपबंद भाषेत लिहिला. त्या कुलपाची किल्ली एका छोट्या मेमरीत ठेवली आणि ती मेमरी जागी ठेवायला बोर्डावर एक सेल बसवला. साडेतीन व्होल्टच्या थोडा वरचा, पेन्सिल सेलच्या निम्म्या उंचीचा. मशीन बंद असो की चालू, हा सेल कामावर. तो संपला की किल्ली पुसली जाते. चिपा सगळ्या धडधाकट, पण बोर्डाला स्वतःचं अक्षर वाचता येत नाही. मेकॅनिक लोक सरळ म्हणतात – बोर्ड मेला.

मी पहिल्या वर्षाला असताना तीनपैकी एक असाच मेला. बटण दाबलं की नुसता निळा पडदा. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. तशाच जातीचा दुसरा बोर्ड दुसऱ्या मशीनमध्ये होता, तो तरी वाचवायचा म्हणून रविवारी त्यांनी तो उघडला. जुना सेल काढायचा आणि त्याच्या जागी क्लिप बसवायची, म्हणजे पुढं कधी सोल्डरिंग न करता मिनिटाभरात सेल बदलता येईल. पण मधल्या वेळेत किल्ली जाऊ नये म्हणून एका सुट्या सेलच्या दोन वायरी कुणीतरी बोर्डाला दाबून धरायला हव्या होत्या. मला वाटलं मी धरायच्या. मामांनी सोल्डरिंग गन माझ्या हातात दिली.

सोल्डरचा पहिला टाका चुकला, पुन्हा करावा लागला. मध्येच लाइट गेली. गन थंड पडली आणि आम्ही तसेच बसून राहिलो. मामींनी दोनदा येऊन बघितलं. मामांच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, मामा, माझ्यानं व्हायचं न्हाई. ते मान वर न करता म्हणाले, "घाई करू नको. मी धरलंय. मी सोडत न्हाई तवर ह्याला काही होत न्हाई."

तासाभरानं लाइट आली आणि मी टाका मारला. बोर्ड वाचला.

पुढं मोबाइल आले, दुकान बंद झालं. मामांनी दोन मशीनं विकली आणि हे एक घरात घेतलं. ते खेळायचे कमीच. संध्याकाळी नुसतं चालू ठेवायचे. टोकन टाकलं नाही तर हे मशीन आपलं आपणच खेळून दाखवतं. पडद्यावर दोघं एकमेकांना बडवत राहतात आणि मामी समोर बसून भाजी निवडतात. मी फोनवर विचारलं, काय चाललंय, तर म्हणायच्या, ते दोघं मारून राहिलेत, आम्ही दोघं बघून राहिलो.

मागच्या वर्षी मामा गेले. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली – मशीनच्या मागं पट्टीवर सेलची तारीख लिहिलीय, मुदत संपत आलीय, तेवढा बदल. मी हो म्हटलं. नवा सेल मागवला, तो पर्समध्ये घेऊन फिरले... आणि गेले नाही. पुण्यानुमोदनाला गर्दी होती, मग परीक्षा, मग पेपर तपासणी. मामी मात्र रोज सहा वाजता मशीन लावत होत्या. मला म्हणाल्या होत्या, आवाज असला की घर घरासारखं वाटतं.

मग लातूरला दिलेल्या त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं. मामी चार महिने लातूरला राहिल्या. परत निघाल्या तेव्हा मी रजा टाकली. म्हटलं, त्यांना पोचवते आणि सेलही बदलते. सकाळची एसटी, अहमदपूर-लोहामार्गे. अहमदपूरला गाडी थांबली, आम्ही चहा घेतला. मी सहज म्हटलं, मामी, आज मशीनचा सेल बदलून टाकू.

मामी म्हणाल्या, "बदल की. तसा मी काढूनच ठेवलाय."

मला वाटलं दुसरं काही सांगतायत. पण त्या मोठ्या समाधानानं सांगत होत्या. घर बंद करून जायचं म्हटलं की सेल काढून ठेवायचा, त्याला पाणी सुटतं, हे तुझे मामा कितीदा सांगायचे. म्हणून निघायच्या दिवशी रेडिओचा काढला, भिंतीवरच्या घड्याळाचा काढला, टॉर्चचे काढले. "अन् मशीनचाबी काढला. लई घट्ट होता बाई, चमच्यानं उचकटला. समदे एका बरणीत घालून ठेवलेत."

मी कप खाली ठेवला. आपल्याकडं असं घर नसेल जिथं हे करत नाहीत. त्यांनी मामांचंच ऐकलं होतं. एवढा एक सेल कधीच काढायचा नसतो, हे सांगायचं मामांना कधी सुचलं नसेल, कारण ते असताना ती वेळच येणार नव्हती.

लोह्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मामी बाळाविषयी बोलत होत्या, मी हं-हं करत होते. सहा वाजता त्या बटण दाबतील, निळा पडदा येईल, आणि तो त्यांच्या हातून आलाय हे मला त्यांना सांगावं लागेल. परदेशातल्या हौशी लोकांनी आता पुसलेली किल्ली परत भरायची युक्ती शोधलीय, मी वाचलंय. खटपट करून मलाही जमलं असतं कदाचित. पण मग ते मामांनी जिवंत ठेवलेलं मशीन राहिलं नसतं.

दुपारी दीडच्या सुमारास घर उघडलं. सगळीकडं चार महिन्यांची धूळ. मामी पाणी भरायला मागं गेल्या. मी मशीनचं मागचं फळकूट काढलं. प्लग भिंतीपासून वेगळा, वायर गुंडाळून ठेवलेली. मी बसवलेली क्लिप तिथंच होती, माझा तो बेढब टाकाही. क्लिप रिकामी.

सवयीनं मी पिशवीतून व्होल्ट मोजायचा मीटर काढला. शून्य दिसणार हे माहीत होतं... तरी क्लिपच्या दोन पत्र्यांना मीटरच्या सुया लावल्या.

३.५८.

सुया काढल्या, एकमेकींना लावल्या – शून्य. परत क्लिपला – ३.५८. मीटर बिघडला असेल म्हणून फळीवरची बरणी काढली, घड्याळाचा सेल तपासला – दीड, बरोबर. मग त्याच बरणीतला मशीनचा जुना सेल तपासला. अर्धा व्होल्टसुद्धा नाही. बरणी प्लास्टिकची, कोरडी. असा सेल नुसता ठेवून चार महिन्यांत इतका उतरत नाही. म्हणजे मामींनी चमच्यानं उचकटला तेव्हाच त्यात काही उरलं नव्हतं. माझी दिरंगाई मामींच्या चुकीच्या आधीची होती.

मी पर्समधून नवा सेल काढला आणि बसवताना डाव्या हातानं क्लिप धरली. ती कोमट होती. बंद घर, प्लग काढलेला, आजूबाजूचं सगळं पत्र्याचं गार... आणि ते दोन पत्रे कुणी आत्तापर्यंत चिमटीत धरलेले असावेत तसे कोमट. मी सेल आत दाबला. तो टक् करून बसला आणि बोटांखाली क्लिप हळूहळू गार होत गेली.

मामी पदराला हात पुसत आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी प्लग लावला, बटण दाबलं. पडदा काळा राहिला, दोन-तीन सेकंद. मग ती ओळखीची धून सुरू झाली आणि दोघं जण एकमेकांना बडवायला लागले. मामी म्हणाल्या, चहा ठेवते.

कॉलेजात मी हे फक्त आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, मोकळ्या टोकांवर मीटर कधी कधी खोटे व्होल्ट दाखवतो. मान्य. मग गेम कसा चालला? ते म्हणाले, कपॅसिटर. कपॅसिटर काही मिनिटं धरतो, चार महिने नाही. मग म्हणाले, किल्ली लागत नाही अशा बदललेल्या चिपा असतील. मी चिपांवरचे नंबर तपासलेत, मूळच्याच आहेत. याच जातीचा दुसरा बोर्ड माझ्या डोळ्यांदेखत मेला होता. शेवटी सर म्हणाले, सोपं आहे, नवा सेल एक दिवस काढून ठेव आणि बघ, प्रयोग करून मोकळी हो.

शिकवणारी म्हणून ते मला पटतं. विद्यार्थ्यांना मीही हेच सांगितलं असतं.

मामींना मी सगळं सांगितलं ते महिनाभरानं, भीत भीत. त्यांच्या चुकीसोबत माझीही सांगितली. त्या मेथी निवडत होत्या. हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "इतके दिवस धरून बसले व्हय... बरं झालं तू आलीस. हात अवघडला असंल." आणि पुन्हा निवडायला लागल्या.

याचं उत्तर इथं कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पण सेल काढून बघायला सांगू नका, ते मी करणार नाही. मामांच्या पट्टीखाली मी माझ्या अक्षरात नवी तारीख चिकटवलीय, आणि मुदत संपायच्या आधीच्या दिवाळीची आठवण मोबाइलमध्ये दोनदा लावून ठेवलीय. या वेळी कुणाला धरून बसावं लागू नये.