मी शेडमध्ये आहे

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात बसून मी जुन्या युद्धनौकांचे स्पेअर पार्ट शोधते. पुण्यात आई शेजारणींना सांगते, "कम्प्युटरवर असते." पण माझा निम्मा दिवस फोनवर जातो, बंद पडलेल्या कारखान्यांतली माणसं हुडकण्यात. अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका एकदा इंधन भरलं की वर्षानुवर्षं चालते. तिचे पार्ट बनवणारी माणसं तेवढी टिकत नाहीत.

मागे अशाच एका अमेरिकन नौकेसाठी व्हॉल्व्ह हवा होता. अणुभट्टीचा नव्हे, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपावरचा. तो ओतणाऱ्या फाउंड्रीच्या जागी आता फ्लॅट उभे आहेत. तिथल्या जुन्या फोरमननं सांगितलं, की लाकडी साचे करणारा कारागीर मँचेस्टरजवळ राहतो आणि साचे त्याच्याकडेच आहेत. साचा वाळूत दाबायचा, पोकळीत ब्राँझ ओतायचं. साचा मिळाला की व्हॉल्व्ह मिळाला.

मी फोन लावला. कॅसेटवालं जुनं आन्सरिंग मशीन लागलं. जाडसर, घाई नसलेला आवाज: "मी शेडमध्ये आहे. निरोप ठेवा, हात धुऊन फोन करतो."

मी निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज दुपारी मी त्या आवाजाशी बोलत राहिले. एकदा बोलता बोलता मध्येच कुणीतरी रिसीव्हर उचलला. म्हातारी बाई होती, त्याची बायको. तिकडे अनोळखी माणसालाही मायेनं 'लव्ह' म्हणतात.

"तो गेला, लव्ह. वर्ष होत आलं."

इतके फोन करून त्रास दिला म्हणून मी माफी मागितली.

"त्रास कसला? रिंग वाजली की मी खुर्ची ओढून मशीनजवळ बसायचे. उचलला असता तर तो बोलला नसता."

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. तिनं शेडचं कुलूप काढलं आणि बाहेरच थांबली. "तू जा. मी अजून आत गेले नाहीये."

भिंतीभर लाल रंगाचे साचे टांगलेले होते. खिळ्याला त्याचा ॲप्रन होता, खिशात पेन्सिल. काय शोधतेस, असं मागे दारातून तोच आवाज आत्ता विचारेल असं सारखं वाटत होतं. साचा सापडला तशी मी जवळजवळ धावतच बाहेर आले.

"त्या जहाजावर बॉम्ब असतात ना?" तिनं विचारलं.

"विमानं असतात. बॉम्बही असतीलच."

"तो म्हणायचा, आपलं काम फक्त पाणी आत घेण्याचं." मग साच्यावरची धूळ बाहीनं पुसत म्हणाली, "काम झालं म्हणून फोन बंद करू नकोस. दुपारी करत जा. मी उचलणार नाही."

मी करत राहिले, ऑफिसच्या कार पार्कमधून. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हे जरा विचित्र आहे गं." व्हॉल्व्ह ओतला गेला, समुद्रापार पोचला, बसवलाही. टेप मात्र झिजत चालली होती. आवाज खोल आणि संथ होत गेला, माणूस पाण्याखालून बोलतोय असा. मला फोन लावायची भीती वाटू लागली, आणि न लावण्याची त्याहून जास्त.

एका दुपारी नुसती खरखर ऐकू आली. ठेवावा की नाही कळेना. तेवढ्यात तिनं उचलला.

"ऐकलंस?"

"हो."

"संपलं."

दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. मग ती म्हणाली, "शनिवारी ये. शेड रिकामी करायची आहे. तू असलीस तर मी आत जाईन."

शनिवारी आम्ही दोघी साचे खोक्यांत भरत होतो. ती एकेक हातात धरून मला सांगायची, हा कशाचा, हा करताना त्याचं बोट कसं कापलं होतं. मध्ये एकदा हसलीही. मी ऐकत होते, हसत होते. पण संध्याकाळपर्यंत एकदाही दाराकडे पाठ करून उभी राहिले नाही.