डावी सीट

सन २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा. शिकलो चौथीपर्यंत, पण उघड्या टपाची, शर्यतीत पळेल अशी जुनी गाडी घेतली. बायकोला शेजारी बसवून अलिबागला न्यायचं होतं. पण डावी सीट रिकामी असली तरी पट्टा लावा म्हणून गाडी सारखी वाजायची.

गाडी रेवदंड्याच्या मेस्त्रीकडे नेली. तो कमी बोलतो, चपला काढूनच गाडीत शिरतो. मी म्हटलं, "वायर तोड."

"नको, काका." त्यानं रिकाम्या सीटला हळूच पट्टा लावला. आवाज थांबला. मग सीटकडे बघून म्हणाला, "घट्ट न्हाय ना झाला?"

"कोणाला विचारतोस रे?"

"बसलंय त्याला."

मी मोठ्यानं हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको नवी साडी नेसून आली. "सीट ओली हाय," म्हणून मी तिला रिक्षात बसवलं आणि शेजारी न बघता गाडी मागोमाग नेली.