बोगद्यानंतरचं तळं

आमच्या घरातलं कुणीही रायपूरहून नागपूरला रस्त्यानं कधी गेलेलं नव्हतं, म्हणून रस्त्यातले प्रेक्षणीय थांबे ठरवण्याचं काम एकमतानं माझ्याकडे आलं. (एकमत माझं. बाकीचे तिघे तेव्हा जेवत होते.)

बाबा मालगाडीचे गार्ड. तीस वर्षं त्यांनी शेवटच्या डब्यात बसून रायपूर-नागपूर केलं. आम्हाला रेल्वेचा पास, आणि ज्या घरात पास असतो त्या घरात रस्ता फक्त स्टेशनपर्यंत पोचण्यापुरता असतो. बाबा निवृत्त झाले, आम्ही क्वार्टर सोडून चौबे कॉलोनीत राहायला आलो, आणि नव्या रायपुरात नोकरी करणाऱ्या दादानं गाडी घेतली. मग ठरलं : रायपूर ते कोकण, पार समुद्रापर्यंत, चौघं, घरच्या गाडीनं!

आता माझ्याविषयी. बाबा रेल्वे कामगार संघटनेचे कार्यकर्ते, त्यामुळे घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. मी मुळाक्षरं गिरवली ती मागणीपत्रकांच्या कोऱ्या पाठींवर. नाव ठेवलं क्रांती. अशा मुलीला सहलीचं काम दिलं तर ती काय करणार? मी पत्रक काढलं. मथळा : ‘प्रेक्षणीय काय, हे कोण ठरवणार?’ मागणी पहिली : फोनमधल्या नकाशावर बंदी, आपण कुठं पाहायचं हे कंपनीनं सांगायचं नाही. मागणी दुसरी : ज्या कामगाराच्या नजरेनं हा मुलूख तीस वर्षं पाहिला, त्याच्याच नजरेनं आपणही पाहायचा. छापणारा पन्नासच्या खाली छापेना. वाचक तीन. उरलेल्या सत्तेचाळीस पत्रकांवर आईनं वाटेतला चिवडा बांधला.

“क्रांति, मैप के बिना गाड़ी कैसे चलाऊँगा मैं?” दादानं विचारलं. दादाला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीतच येतं.

“बाबांच्या वहीवर!”

ती वही खरी होती. बाबांना डब्यातून काही सुंदर दिसलं की ते जवळच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा टिपून ठेवायचे. कुठं पळस, कुठं नदीचं वळण. आणि एका आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या : ‘बोगद्यानंतर तळं. कमळं.’

हे तळं आमच्या घरातलं पाचवं माणूस होतं. बाबा ड्यूटीवरून आले की आई चहा ठेवता ठेवता पहिला प्रश्न तोच विचारायची, “काहो, आज तळं कसं होतं?”

“आज पाणी उतरलं. बगळे होते पाच-सहा.”

“अन् कमळं?”

“आलीत ना. पांढरी.”

आईनं ते कधीच पाहिलं नव्हतं. नागपूरला जायचं ते लग्नाकार्याला, रात्रीच्या गाडीनं, मांडीवर आम्ही दोघं. तिला समुद्राचं फारसं अप्रूप नव्हतं. “समुद्राचं पाहू मंग,” ती म्हणाली, “मले आधी थे तळं दाखवा. मी काय पाहिल्याबिगर मरू का?”

मी कामाला लागले. रेल्वेच्या खांबांवरचे आकडे हावड्यापासून मोजलेले असतात, एवढं मला ठाऊक होतं. मी प्रत्येक आकड्यातून रायपूरचा आकडा वजा केला आणि तळ्याचं उत्तर आलं : रायपूरपासून एकशे वीस किलोमीटर. दारातून निघताना गाडीचं मीटर शून्यावर आणायचं आणि एकशे विसाव्या किलोमीटरला आईला तळ्यासमोर उतरवायचं! वजाबाकी मी तीनदा तपासली. वजाबाकी चोख होती.

“बाबा, रस्ता रुळाच्या बाजूनंच जातो ना?”

“जात असंन,” बाबा म्हणाले. “डब्यातून ट्रका दिसत ना.”

पहाटे निघालो. दादाचा फोन मी जप्त करून चिवड्याच्या पिशवीत तळाशी टाकला. वहीप्रमाणे पहिला थांबा पंचेचाळिसाव्या किलोमीटरला, नदीचा पूल. दुर्ग मागं पडलं, मीटरनं पंचेचाळीस दाखवले आणि समोर साक्षात शिवनाथ!

“पाह्यलं?” मी ओरडले. “कोणत्या कंपनीनं दाखवली ही नदी?” कठड्याला टेकून मी दहा मिनिटं बोलले. त्या दहा मिनिटांनीच आमचा घात केला, कारण त्यानंतर माझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

राजनांदगाव गेलं. आता शंभराव्या किलोमीटरला ‘टेकडी, पळस’. शंभर झाले. उतरलो. समोर सिमेंटचं गोदाम, आणि त्याच्या भिंतीवर बनियनची जाहिरात.

“टेकडी कुठी हाय?” आईनं विचारलं.

“खणली असेल!” मी तडकून म्हणाले. “मुरमासाठी टेकड्याच्या टेकड्या खातात ही माणसं!” आणि त्या न दिसणाऱ्या टेकडीसाठी मी तिथल्या तिथं निषेध नोंदवला. गोदामाचा रखवालदार उभा राहून सगळं ऐकत होता. शेवटी त्यानं मला पाणी आणून दिलं.

बाबा मात्र सारखे खिडकीतून डावीकडे, मग उजवीकडे बघत होते. “रूळ दिसून नाई राहिले,” ते हळूच म्हणाले.

“झाडीमागं असतील, बाबा.”

एकशे अठरा. आईनं पदर सारखा केला. एकशे एकोणीस. आईनं चष्मा पुसला. एकशे वीस! दादानं ब्रेक दाबला. ट्रकांची लांबच लांब रांग, एक पंक्चरचं दुकान, आणि दुकानापुढं अर्धं कापलेलं लोखंडी पिंप, काळ्या पाण्यानं भरलेलं. दुकानदार त्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत होता.

आई त्या पिंपाजवळ गेली. वाकून पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं.

“हेच काय जी?”

“अवं, नाई वं!”

“भैया, यहाँ तालाब किधर है? बोगद्याच्या... मतलब सुरंग के बाद वाला,” मी विचारलं.

“सुरंग?” दुकानदारानं ट्यूब खाली ठेवली. “सुरंग तो रेल लाइन में है दीदी, दरेकसा तरफ। लाइन तो डोंगरगढ़ से जंगल में घुस जाती है। रोड इधर आ गया, रेल उधर गई। आप लोग पहली बार निकले हो क्या?”

तीस वर्षं ड्यूटी केलेले गार्ड आणि त्यांचं संपूर्ण कुटुंब मान खाली घालून उभं राहिलं.

आई गाडीत जाऊन बसली. काच खाली केली आणि बाबांना म्हणाली, “खरं सांगा. तळं हाय का? का मी घरी एकटी राहाची म्हणून गोष्ट सांगत होते?”

बाबांचं तोंड मी कधी असं पाहिलं नव्हतं. व्यवस्थापनापुढं न झुकलेला माणूस! ते एवढंच म्हणाले, “हाय ना वं. तुले खोटं काहून सांगू?”

आता प्रश्न प्रेक्षणीय स्थळाचा राहिला नव्हता, तो बाबांच्या शब्दाचा झाला होता. मी चिवड्याच्या पिशवीत हात घातला, फोन काढला, शेव झटकली आणि दादाला दिला. “नकाशा लाव. डोंगरगड.”

“और कंपनी?”

“लाव म्हटलं ना!”

उलटे फिरलो. चिचोला गावावरून आत वळून दुपारी डोंगरगड गाठलं, स्टेशनाबाहेर गाडी उभी केली आणि गोंदियाकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये चढलो. कोकणाला निघालेलं कुटुंब नवी गाडी बाहेर ठेवून बोगद्यापलीकडच्या सालेकशाची तिकिटं काढतं, हे पाहून दादा नुसता कपाळ चोळत होता.

डब्यात शिरल्याबरोबर बाबा बदलले. कुठल्या खिडकीत ऊन येणार, कुठं गाडी हळू होणार, सगळं त्यांना पाठ. आईला त्यांनी नेमकी खिडकी दिली. “बोगदा सुटला का लगेच पाहाजो. डोळा लववू नको.”

जंगल सुरू झालं. डबा शांत होता, आणि शांतता मला सोसत नाही. माझ्या लक्षात आलं, केवढा हा प्रसंग! मी उठून सगळ्यांकडे तोंड करून (म्हणजे खिडकीकडे पाठ करून) उभी राहिले. गाडी बोगद्यात शिरली. “आई,” मी अंधारात सुरू केलं, “आज तू जे पाहणार आहेस ते फक्त तळं नाही! ज्यांना आपल्या कामाच्या वाटेवरचं सौंदर्य घरी नेता येत नाही, अशा हजारो—”

उजेड आला. “—अशा हजारो कामगारांच्या वतीनं—”

“अगं बाई!” आई म्हणाली. तिचे दोन्ही हात खिडकीच्या गजांवर होते. “अहो... गुलाबी पण हायेत! तुमी तर पांढरीच म्हणत होते!”

“गुलाबी?” बाबा म्हणाले. “मी पाह्यलं नाई. मी तुह्याकडे पाहून राहिलो होतो.”

मी गर्रकन वळले. “कुठंय? कुठंय?”

“निकल गया,” दादा म्हणाला. “तू भाषण दे रही थी।”

परतीच्या गाडीत मी तोंड शिवून, खिडकीला नाक लावून बसले. नेमकी त्याच जागी शेजारच्या रुळावर कोळशाची मालगाडी उभी होती. मी अठ्ठावन्न वाघिणी पाहिल्या. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं मला हात केला.

चौथ्या दिवशी आम्ही समुद्रावर पोचलो. तो मात्र मी नीट पाहिला. समुद्राची मोठी सोय अशी, की माझं बोलणं संपेपर्यंत तो तिथंच असतो.