डब्यात अडकलेले वडील

माणूस जातो, पण त्याचा आवाज अमर राहतो. आमच्या घरी या अमरत्वाला वीज आणि वायफाय, दोन्ही लागत होते.

वडिलांचा आवाज एका डीव्हीडीवर होता. दिवाळीनंतर आमच्या चिचगडला मंडई भरते, म्हणजे जत्रा, पाहुणे, दंडार नावाचा ढोलावरचा लोकनाच आणि नाटक. एका वर्षी त्या नाटकात वडील न्यायाधीश झाले होते. घरात ते फारसे बोलत नसत. रंगमंचावर मात्र पुस्तकी मराठीत अशी गर्जना करत, की आम्हालाच ओळख पटत नसे. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एकाने ते नाटक टिपले आणि एक डीव्हीडी करून दिली. पुढे त्याचा संगणक भंगारात गेला. मग वडील गेले. डीव्हीडी राहिली.

आईला नाटकाशी काही देणेघेणे नव्हते. तिला त्यातली एकच जागा हवी असे. दुसऱ्या अंकात निकाल देता देता वडील संवाद विसरतात, विंगेकडे बघतात आणि न्यायाधीशाचा आवाज टाकून देऊन घरच्या आवाजात विचारतात, "का मनून रायलो होतो गा मी?" प्रेक्षक हसतात. आई हसत नसे. बाकी सगळे बोलणे न्यायाधीशाचे, तेवढे एक वाक्य वडिलांचे. त्यांचा खरा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनवर तर ते "हो" म्हणून ठेवून देत.

जुना प्लेअर बिघडला तेव्हा रायपूरचे जावई, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, नवा घेऊन आले. हा इंटरनेटला जोडायचा होता. डीव्हीडी तर दाखवणारच, शिवाय जगभरचे सिनेमे स्वतः शोधून आणणार. टीव्हीखाली तो बसवताना जावयांचा चेहरा असा होता, की धरणाचे दरवाजे उघडायला आलेत असे वाटावे. वायफायचा पासवर्ड टाकताना त्यांनी आम्हाला तोंड फिरवायला लावले. पासवर्ड आमचाच होता.

मला त्या डब्याची पहिल्यापासून भीती वाटे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, त्यांच्याविरुद्ध मी गावात भाषणही दिलेले आहे. पण भर दुपारी कोणी हात न लावता डबा जागा होई, निळा दिवा लागे, पाठोपाठ टीव्ही उजळे आणि पडद्यावर आमचे स्वागत होई, तेव्हा त्या भाषणातला एकही मुद्दा मला आठवत नसे.

"कोनाले बोलावून रायला हा?" आई विचारी. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेई.

"कोनाले नाही, माय. इंटरनेटशी बोलते तो."

"कायले? आपल्या घरचं सांगते का?"

मी हसलो. मग ती स्वयंपाकघरात गेल्यावर डब्यावर टॉवेल टाकला. माहितीपत्रकात लिहिले होते की यंत्र झाकू नये, आतून तापते. तेव्हापासून टॉवेल नसला की डब्याची भीती आणि टॉवेल असला की आगीची.

मंडईचा दिवस आला. भाऊबीजेला आलेली बहीण आणि जावई थांबलेलेच होते. दुपारी जेवणे झाली. बाहेर दंडारीचे ढोल वाजत होते, दोन कर्णे एकमेकांवर ओरडत होते. आई डीव्हीडी घेऊन टीव्हीसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "लावा त्याइले."

नव्या डब्यात डीव्हीडी घालायची ही पहिलीच वेळ. जावयांनी बटण दाबले, डब्यातून ट्रे बाहेर आला. खोली तशी अंधारीच होती, त्यांनी डीव्हीडी ठेवली आणि ट्रे आत गेला. मग जात्यात खडा यावा तसा कर्रकर्र आवाज सुरू झाला.

"नया है ना, सेट होगा," जावई म्हणाले.

आवाज थांबला. पडद्यावर नाटकाऐवजी सूचना आली की नवे अपडेट उपलब्ध आहे, करायचे का? मी नाही म्हणेपर्यंत जावयांनी होय दाबले होते. "अपडेट तो करना पड़ता है, भैया." एक पांढरी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. खाली लिहिले होते, हे चालू असताना वीज बंद करू नका. हे वाक्य लिहिणारा माणूस चिचगडला राहत नसावा.

आकाशपाळणा, रंगमंचाचे दिवे, कर्णे, सगळ्या गावाचा भार त्या दिवशी तारांवर होता. आमचा पंखा मंद होई, पुन्हा वेग घेई. पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. आतले जुने पुसून नवे भरतात, एवढेच मला अपडेटबद्दल ठाऊक होते. आत वडील होते.

"डीव्हीडी तर नाही ना पुसली जाणार?" बहिणीने हळूच विचारले.

"पागल है क्या," जावई म्हणाले. पण रिमोट त्यांनी खाली ठेवला होता, आणि त्याला पुन्हा हात लावायची त्यांची तयारी दिसत नव्हती.

आणि लाइन गेली.

पंखा थांबला. बाहेरचे कर्णेही गप्प झाले, फक्त ढोल राहिले. आई उठली, डब्याजवळ गेली आणि आजारी माणसाचा ताप बघावा तसा त्याच्यावर हात ठेवला. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली, तेवढी वडिलांच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यातही वाटली नव्हती. तिथे निदान डॉक्टर बाहेर येऊन सांगत.

लाइन आली. डबा बराच वेळ नुसता निळा दिवा मिचकावत राहिला. मग पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द आले. आत डिस्क नाही.

"का लिहून आहे?" आईने विचारले.

"थांबा म्हणते," मी म्हणालो.

ट्रेचे बटण दाबले. आत काहीतरी कण्हले, ट्रे हलला नाही. पुन्हा दाबले. तेच. मी प्लग काढला, डबा उचलून खिडकीखाली उजेडात ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर आणला.

"खोलोगे तो वारंटी चली जाएगी, भैया."

"जाऊ द्या तिले," आई म्हणाली. "कुठं जाते ते जाऊ द्या."

स्क्रूच्या खाचेत टोक बसेना. शेवटी झाकण निघाले. डीव्हीडी आत होती, तिरपी होऊन अडकलेली. तिच्याखाली ट्रेमध्ये तांदळाचे दाणे होते. हळदीने पिवळे, कुंकवाने लाल. एक दाणा कडेला दातेरी चाकात चेंगरला होता.

सगळ्यांनी आईकडे पाहिले.

दसऱ्याला आमच्याकडे झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. मोटारसायकल, पंप, शिलाई मशीन, मिक्सर. डब्याचीही तिनेच केली होती.

"मी पुसून रायली होती," ती म्हणाली, "कोनतं बटन दबलं का मालूम. त् त्यानं हात पुढं केला. सनाच्या दिवशी रिकामा कसा जाऊ देऊ? अक्षता ठेवल्या. त्यानं घेतल्या अन् हात मांगं नेला."

"माय, तो हात नोहे वो!" बहीण ओरडली.

"मंग काय होय?"

जावई छताकडे बघत होते.

मी दाणे वेचले. डीव्हीडी बाहेर काढून उजेडात धरली. तिच्यावर कुंकवाचा डाग होता आणि बाहेरच्या कडेकडे गोल, बारीक ओरखडे. डाग पाण्याने गेला, ओरखडे राहिले. मी राउटरची वायर काढून खिशात घातली, झाकण बसवले, डबा लावला. त्याने इंग्रजीत कळवले की अपडेट अपुरे राहिले, इंटरनेट मिळताच तो पुन्हा प्रयत्न करील. मी वायर खिशातल्या खिशात घट्ट धरली.

नाटक सुरू झाले. पहिला अंक नीट गेला. दुसऱ्यात वडील काळा कोट घालून आले आणि गर्जू लागले. आईने माझे मनगट पकडले. निकालाची वेळ आली तसे चित्र अडखळले. वडिलांच्या चेहऱ्याचे चौकोन झाले, आधी डोळे गेले, मग मिशी. आवाज तुटला. पडद्यावर नुसते करडे तुकडे थरथरत होते. आईची नखे माझ्या मनगटात रुतली. मी तिच्याकडे बघितले नाही, बघायची हिंमत नव्हती.

त्या तुकड्यांमधून आवाज आला. "का मनून..." पुन्हा शांतता. बहिणीने तोंडावर हात ठेवला. "...रायलो होतो गा मी?"

न दिसणारे प्रेक्षक हसले.

"आहेत," आई म्हणाली, आणि माझे मनगट सोडले.

त्यापुढचा निकाल ओरखड्यांत गेला आहे. आरोपी सुटला की नाही, हे आता कळणार नाही. तिसरा अंक लागतच नाही. पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मध्ये झालेला प्रमुख पाहुण्यांचा सत्कार मात्र स्वच्छ दिसतो आणि स्पष्ट ऐकू येतो. तो पाऊण तासाचा आहे.