वंशवृक्षातून गाळलेली ऍन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर करमणूक म्हणून. जन्मभर ड्राफ्ट्समनचं काम केलं... जे मोजता येतं तेच कागदावर येतं, बाकीचं माझ्या लेखी नव्हतंच. घरात देव आहेत, ते बायकोचे. तरी आज लिहायला बसलोय, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

सौदीत रास अल खैरच्या प्रकल्पावर ह्यू नावाचे आमचे साहेब होते. इंग्लंडमधल्या एका जुन्या जमीनदार घराण्यातले. तिकडच्या रिवाजाप्रमाणे हवेली, शेतं, 'सर' ही पदवी, सगळं थोरल्या भावाला मिळालेलं. "पदवी भावाला, पाइपलाइन मला," असं ते हसून म्हणायचे. संध्याकाळी कॅम्पवर घराण्याचा वंशवृक्ष जुळवत बसायचे. माझं अक्षर बघून एकदा म्हणाले, "दामले, हा तुम्हीच काढा." मी मोठ्या शीटवर शाईने काढून दिला.

त्यात एका पूर्वजापुढे साहेबांनी दोन बायकांची नावं लिहून दिली होती — ऍन आणि शार्लट. मला वाटलं, बाई एकच. आपल्याकडे नाही का, माहेरची मंदा असते, ताम्हनातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं की सासरची वैजयंती होते! माझ्याच बायकोची ही गोष्ट. वंशावळीत सासरचंच नाव घालायचं, म्हणून मी शार्लट ठेवली आणि ऍन गाळली. साहेबांना विचारलंसुद्धा नाही.

त्यांनी विश्वासाने शीट घेतली, प्रती काढून नातेवाइकांना पाठवल्या. माझं केवढं कौतुक झालं! पुढे दुसऱ्या शाखेचे कागद हाताळताना मला कळलं — ऍन ही पहिली बायको. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेली. शार्लट दुसरी, आणि पुढचा सगळा वंश तिचा. म्हणजे ऍन नसली तरी कुणाचं काही अडत नव्हतं... म्हणून मी गप्प बसलो. साहेब मायदेशी गेले, मीही निवृत्त झालो. ती बाई मात्र मनातून जाईना.

आता आम्ही दोघं रियाधला, अल मलाझ भागात मुलाकडे, निखिलकडे असतो. बायकोला विसरण्याचा आजार आहे. वैजयंती म्हटलं तर ती वळूनही बघत नाही, मंदा म्हटलं की लगेच "ओ". मग मीही मंदाच म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात साहेबांचा मेसेज आला. तब्येत बरी नसते, घराण्याचं पुस्तक छापायला चाललंय, पहिल्या पानावर तुमचा वंशवृक्ष — तेवढं झालं की मी मोकळा. मी उत्तर टाइप करायचो आणि पुसायचो. आजारी माणसाला आता काय सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर ऍन कायमची गेली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपार होती, असरच्या नमाजाची अजान नुकतीच संपली होती. निखिल बँकेत, सूनबाई मुलांना आणायला शाळेत. मंदा पलंगावर बसून घडी केलेला टॉवेल मांडीवर थोपटत होती. असं ती अधूनमधून करते.

"कोण आहे गं?" मी विचारलं.

"हळू बोला! आत्ता कुठे डोळा लागलाय."

"निखिल का?"

"निखिल कसा असेल? तो केवढा घोडा झालाय!" मग टॉवेलकडे बघत म्हणाली, "हा ऍनचा."

मी तिच्याशेजारी बसलो. "कोण ऍन?"

"ती काय." तिने खिडकीकडे बोट केलं. तिथे पडदा होता, दुसरं काही नाही. "केव्हाची उभी आहे बिचारी. तुम्ही बसा म्हणूनही सांगत नाही."

"बाळाचं नाव काय?"

"एडमंड," ती म्हणाली. जन्मभर हॉस्पिटलला 'हास्पिटल' म्हणणारी माझी बायको... आणि हे नाव असं स्वच्छ!

मला भीती वाटली नाही. का कोण जाणे, रडू येत होतं. मी उठलो, खिडकीजवळ खुर्ची ठेवली आणि मराठीतच म्हणालो, "बसा, बाई." मंदाने समाधानाने मान हलवली.

मग तिथूनच साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. खूप खंगले होते. मी सगळं सांगितलं, तांदळातल्या नावासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले, खोकला येईपर्यंत हसले. "दामले, आमच्या घराण्यातल्या बायका गाळायला तुमची गरज नव्हती. ते काम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच करतोय!"

"साहेब, ऍनला मूल होतं का?"

"नाही. कुठेच नोंद नाही."

तरी त्यांनी पुतण्याला गावच्या चर्चमध्ये पाठवलं. तिथल्या दफनभूमीत ऍनच्या थडग्याचा दगड होता, अर्धा मातीत रुतलेला. माती काढल्यावर खाली आणखी एक ओळ निघाली. पुतण्याने फोटो पाठवला: 'आणि तिचा मुलगा एडमंड'.

निखिल म्हणतो, "बाबा, तुम्हीच कधीतरी तिच्यापुढे बोलला असाल." ऍनचं नाव झोपेत बडबडलो असेन, मान्य. पण एडमंड मलाच माहीत नव्हता, साहेबांना माहीत नव्हता. मातीखालची ती ओळ किती वर्षांत कुणी वाचली नव्हती, देव जाणे.

साहेबांनी छपाई थांबवली. निखिल कॉम्प्युटरवर करून द्यायला तयार होता, पण मी हातानेच नवी शीट काढली. आता रेघा पूर्वीसारख्या येत नाहीत. साहेबांनी तीच छापली. ऍन आहे, तिच्याखाली एडमंड आहे. डोळे मिटण्यापूर्वी पुस्तक साहेबांनी हातात घेतलं, तेवढं त्यांना मिळालं.

ज्या दिवशी शीट पुरी झाली, त्या दिवशी मी मंदाला विचारलं, "त्या बाळाचं नाव तुला कुणी सांगितलं गं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू विसरण्याचा आजार मलाच झालाय.

"त्याच्या आईने. दुसरं कोण सांगणार?"

त्यापुढे मी काही विचारलं नाही. याहून जास्त मला ठाऊकही नाही.